एलटी सबनेटवर्कची मोट कशी बांधावी?

वाचकांचे प्रश्न : वीजजाळं आणि नकाशे

प्रश्न : मी एका वीज वितरण कंपनीच्या जीआयएस (संगणकीय नकाशांच्या) विभागात आहे. आमचं सगळं जाळं आम्ही आर्कजीआयएस युटिलिटी नेटवर्क या सॉफ्टवेअरमध्ये आणलंय. एचटी (उच्च दाबाचे) फीडर एका टियरमध्ये, म्हणजे पातळीवर, आणि एलटी (कमी दाबाचं जाळं) त्याच्या खालच्या. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं एलटी टर्मिनल हा कंट्रोलर, म्हणजे सबनेटवर्क जिथून सुरू होतं ती जागा, आणि त्यापुढच्या तारा, पिलर (वीजवाटपाच्या पेट्या), सर्व्हिस कनेक्शनं मिळून एक सबनेटवर्क. त्यामुळे एकेका फीडरखाली एलटी सबनेटवर्कचा ढीग झालाय. आउटेज मॅनेजमेंटवाल्यांना डेटा फीडरवार एकत्र हवा आहे आणि ‘एक्सपोर्ट सबनेटवर्क’ हे टूल तर एका वेळी एकच नाव घेतं. एक सहकारी म्हणतो टियर ग्रुप करा. दुसरा म्हणतो, प्रत्येक एलटी सबनेटवर्कच्या नावाआधी फीडरचं नाव लावा, मग नावावरून गाळणी लावता येईल. कोणाचं ऐकावं?

उत्तर : दोघांचंही नको.

टियर ग्रुपचा विषय आधी निकालात काढते, कारण तो छोटा आहे. टियर ग्रुप हा टियरचा गट असतो, सबनेटवर्कचा नव्हे. शिवाय तो हायरार्किकल पद्धतीच्या डोमेन नेटवर्कमध्येच करता येतो. पाणी आणि गॅस ही त्याची नेहमीची उदाहरणं, कारण तिथे एकच पाइप मोठ्या सिस्टिममध्येही मोजला जातो आणि त्याच वेळी आतल्या प्रेशर झोनमध्येही. विजेचं जाळं सहसा पार्टिशन्ड पद्धतीने, म्हणजे एक तार एकाच टियरमध्ये, असं मांडतात, आणि तुमच्या वर्णनावरून तुमचंही तसंच दिसतंय. तिथे हा पर्यायच नाही.

नावात फीडर घालण्याची कल्पना जास्त धोक्याची आहे, कारण ती चालते. पहिल्या दिवशी अगदी छान चालते. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

समजा फीडर १२ आणि फीडर १४ यांच्यामध्ये आरएमयूची (रिंग मेन युनिट, म्हणजे स्विचच्या पेट्यांची) एक रांग आहे आणि त्यातल्या एका आरएमयूवर नॉर्मली ओपन पॉइंट (एरवी उघडा ठेवलेला स्विच) आहे. लोड वाढला म्हणून तो ओपन पॉइंट कायमचा एक आरएमयू पुढे सरकवला. मधले दोन-तीन ट्रान्सफॉर्मर १२ वरून १४ वर गेले. जीआयएसमध्ये स्विचची स्थिती बदलली, टोपोलॉजी (जोडण्यांची नोंद) व्हॅलिडेट केली, की १२ आणि १४ ही दोन्ही एचटी सबनेटवर्क डर्टी (अपडेट व्हायची बाकी) होतात. ती अपडेट केली की प्रत्येक लाइनवर आणि उपकरणावर नवं फीडरनाव चढतं. इथपर्यंत सगळं सॉफ्टवेअर स्वतःहून करतं.

आता त्या ट्रान्सफॉर्मरच्या खाली पाहा. एलटीची एकही तार हललेली नाही, एकही लिंक उघडलेली नाही. म्हणून ती एलटी सबनेटवर्क डर्टी होत नाहीत, आणि व्हायचं कारणही नाही. पण त्यांच्या नावात तुम्ही ‘१२’ कोरून ठेवलंय. आता ते नाव धडधडीत खोटं बोलतंय आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. नाव बदलायला गेलात तर पुढची अडचण. ओएमएसच्या (आउटेज मॅनेजमेंट सिस्टिमच्या) दृष्टीने जुनं सबनेटवर्क नाहीसं झालं आणि एक अनोळखी सबनेटवर्क उपटलं. मग त्या ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडांचा मागचा इतिहास, ग्राहकांच्या जोडण्या, लोडच्या नोंदी सगळ्यांची नाळ तुटते. माणसाचं नाव तो सध्या कुणाच्या घरी भाड्याने राहतो यावरून ठेवत नाहीत, तसंच हे आहे.

तेव्हा एलटी सबनेटवर्कचं नाव ट्रान्सफॉर्मर केंद्राच्या कायमच्या क्रमांकावरून ठेवा. ट्रान्सफॉर्मर जळून दुसरा बसला तरी केंद्राचा क्रमांक तोच राहतो. उपकरणाचा सिरियल नंबर मात्र वापरू नका, तो पहिल्या बदलीतच जातो.

आता गटाकडे येते. माझं म्हणणं सरळ आहे. कोणता ट्रान्सफॉर्मर कोणत्या फीडरवर हे एचटी जाळ्याला माहीत आहे, म्हणून प्रत्येक एक्सपोर्टच्या वेळी ते त्यालाच विचारा. गट कुठेही साठवून ठेवू नका.

विचारायचं कसं? आधी डिफॉल्ट व्हर्जनमध्ये (डेटाच्या मूळ प्रतीत) टोपोलॉजी व्हॅलिडेट करून त्या फीडरचं एचटी सबनेटवर्क आणि खालची डर्टी असलेली एलटी सबनेटवर्क अपडेट करून घ्या. एक्सपोर्टला सबनेटवर्क स्वच्छ लागतं, आणि अक्नॉलेजची (एक्सपोर्ट पोचल्याची) खूण करायची असेल तर डिफॉल्ट व्हर्जनच लागतं. मग फीडरवर सबनेटवर्क ट्रेस (त्याला जोडलेलं सगळं शोधणारं टूल) चालवा आणि निकालातून ट्रान्सफॉर्मर तेवढे वेगळे काढा. त्यांचे ग्लोबल आयडी (उपकरणाचे एकमेव ओळखक्रमांक) ‘सबनेटवर्क्स’ टेबलशी जुळवा, टियर एलटी असलेल्या ओळी घ्या, त्यातली सबनेटवर्कची नावं उचला. ही झाली तुमची गटयादी. पायथॉनमध्ये या यादीवर लूप लावून एक्सपोर्टचं टूल एकेका नावाने बोलवा. टूल एका वेळी एकच नाव घेतं ही अडचण लूपमध्येच संपते. खरा प्रश्न यादी कुठून आणायची हाच होता.

या जुळवणीत एक खाच आहे, ती जवळून पाहा. एचटी ट्रेस ट्रान्सफॉर्मरपाशी पोचतो तो त्याच्या एचटी टर्मिनलवर. सबनेटवर्क्स टेबलमध्ये मात्र त्याच ट्रान्सफॉर्मरची नोंद एलटी टर्मिनलने आहे, कारण कंट्रोलर तिथे आहे. कोणी फार काटेकोरपणे ग्लोबल आयडी आणि टर्मिनल आयडी या दोन्हींवर जुळवणी लावली की उत्तर रिकामं येतं आणि डेटाच बिघडलाय असं वाटू लागतं. जुळवणी फक्त ग्लोबल आयडीवर करा. एवढं करूनही ट्रान्सफॉर्मरच सापडत नसतील, तर ट्रेसमध्ये बॅरियर फीचर्स धरण्याची खूण चालू आहे का बघा. तुमच्या सबनेटवर्क डेफिनिशनमध्ये ट्रान्सफॉर्मर हाच बॅरियर असेल आणि ती खूण बंद असेल, तर ट्रेस त्याच्यापाशी थांबतो पण त्याला निकालात घेत नाही.

आणि यादीतली नावं एकदाच येतील असं करून घ्या. सिंगल फेजचे तीन ट्रान्सफॉर्मर एकत्र बांधून जिथे बँक केलेली असते, तिथे तीन कंट्रोलर एकाच सबनेटवर्कच्या नावावर असू शकतात. तसं न केल्यास तेच सबनेटवर्क तीनदा एक्सपोर्ट होईल.

मग एकत्र फाइलचं काय? माझा सल्ला असा की जेसन फाइल (एक्सपोर्टचं टूल देतं ती) प्रत्येक एलटी सबनेटवर्कची वेगळीच राहू द्या आणि सोबत फीडरची एक छोटी गटयादी पाठवा. तिच्यात फीडरचं नाव, त्याखालच्या एलटी सबनेटवर्कची नावं आणि ट्रेस कधी चालवला ती वेळ, एवढं पुरे. ओपन पॉइंट सरकला की एलटीच्या फाइल तशाच राहतात आणि दोन फीडरच्या दोन गटयाद्या तेवढ्या बदलतात. शिवाय एखाद्या एलटी सबनेटवर्कमध्ये त्रुटी निघाली म्हणून अख्ख्या फीडरचा डेटा अडकून पडत नाही.

समोरच्या सिस्टिमला एकच फाइल हवी असेल तर जोडा, पण जोडताना ट्रान्सफॉर्मरला जपा. तो एचटीच्या फाइलमध्येही येतो आणि एलटीच्या फाइलमध्येही. फीचरच्या यादीतली त्याची दुसरी नोंद काढली तर चालतं. पण कनेक्टिव्हिटीच्या यादीतली एकही नोंद काढू नका. तिथे एक नोंद एचटी टर्मिनलची आहे आणि दुसरी एलटी टर्मिनलची, ग्लोबल आयडी सारखा दिसला तरी. ‘डुप्लिकेट’ म्हणून त्यातली एक उडवली की फीडरपासून एलटी सुटी पडते, आणि ओएमएसमध्ये फीडर बंद केला तरी खालचे ग्राहक चालूच दिसतात. कंट्रोल रूममधला माणूस पडद्यावर हेच बघून लाइनमनला खांबाकडे पाठवणार आहे. त्यामुळे ही जोडणी स्क्रिप्टने केली तरी निदान एका फीडरची तपासणी स्वतः नकाशासमोर बसून करा. फीडर ब्रेकरपासून एका मीटरपर्यंतचा रस्ता फाइलमध्ये हाताने शोधून काढा.

शेवटी अक्नॉलेजची खूण. अक्नॉलेजसह एक्सपोर्ट केला की कंट्रोलरच्या नोंदीवर आणि सबनेटलाइनवर (सबनेटवर्कच्या नकाशावरच्या एकत्र रेषेवर) त्या एक्सपोर्टची वेळ चढते. ‘आधीच्या एक्सपोर्टनंतर बदललेली तेवढीच पाठवा’ हा हिशोब पुढे याच वेळेवर चालतो. म्हणून पहिला एक्सपोर्ट खूण न करता पाठवा, समोरून फाइल नीट उघडल्याचं कळू द्या आणि मगच खुणेसह चालवा. हे दोन्ही एकाच निवांत वेळेत, एडिटिंग थांबवून उरका. नाहीतर खूण एका डेटाला आणि पाठवलेला डेटा दुसराच, असं होईल.

आणि हा हिशोब गटयादीला लावू नका. वर पाहिलं तसं, फीडर बदलला तरी एलटीची तारीख हलत नाही. तारखेवरून गटयादी बनवणाऱ्याला नेमकी ती अदलाबदल दिसणार नाही. गटयादी दर वेळी ताज्या ट्रेसवरून पूर्ण बनवा. ती लहान असते, त्यात काटकसर करायचं कारण नाही.

प्रश्न : आम्ही ट्रेसवरूनच यादी काढतो. तरीही जे ट्रान्सफॉर्मर आम्ही केव्हाच काढून टाकले, त्यांची एलटी सबनेटवर्क ओएमएसमध्ये अजून दिसतात. आमच्या सबनेटवर्क्स टेबलमध्येही त्यांच्या ओळी तशाच पडून आहेत. असं का?

उत्तर : कारण तुमचा ट्रेस आता तिथपर्यंत जाऊच शकत नाही, आणि ज्या यादीत नाव नाही त्याचा एक्सपोर्ट कोण करणार?

क्रम असा असतो. कंट्रोलर काढला की टेबलमधली त्याची ओळ लगेच पुसली जात नाही, तिच्यावर ‘डिलीटेड’ अशी खूण होते. ती ओळ मुद्दाम ठेवलेली असते, बाहेरच्या सिस्टिमला ‘हे सबनेटवर्क गेलं’ असा निरोप पोचावा म्हणून. त्या सबनेटवर्कचा अक्नॉलेजसह एक्सपोर्ट झाला की निरोप पोचला असं धरून ओळ काढली जाते. तुमच्या पद्धतीत ट्रान्सफॉर्मरच जागेवर नाही, म्हणून ट्रेसमध्ये नाही, म्हणून यादीत नाही, म्हणून एक्सपोर्ट नाही. ओळ तशीच राहते आणि ओएमएसला काही कळत नाही.

उपाय म्हणजे दुसरी एक यादी, ट्रेसवरून नव्हे तर थेट टेबलवरून. टियर एलटी आणि डिलीटेडची खूण असलेल्या ओळी काढा, ती नावं अक्नॉलेजसह एक्सपोर्ट करा आणि गटयादीच्या सोबत ‘काढलेली’ अशा वेगळ्या भागात पाठवा. ती कोणत्या फीडरखाली होती हे आता जाळं सांगू शकत नाही. मागच्या वेळी पाठवलेली गटयादी जपून ठेवली असेल तर ती सांगेल. मागच्या गटयाद्या टाकून देऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, ते याचसाठी.

एक काळजी मात्र घ्या. खुणेसह एक्सपोर्ट करण्याआधी ही यादी क्षेत्रीय कार्यालयातल्या कोणाला तरी दाखवा. ट्रान्सफॉर्मर खरोखर काढलाय की कोणी एडिट करताना कंट्रोलर काढून परत लावायचा विसरलाय, हे तिथलाच माणूस सांगू शकतो. ट्रान्सफॉर्मर चालू आहे, घरांत वीज आहे, आणि ओएमएसमधून त्याचं अस्तित्वच गेलंय, अशा वेळी त्या भागातली तक्रार कुठे जोडायची तेच कळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे दाट वस्तीच्या भागात एलटी मेश आहे. एकाच एलटी जाळ्याला वेगवेगळ्या एचटी फीडरवरचे ट्रान्सफॉर्मर एकाच वेळी वीज देतात. हे सबनेटवर्क कोणत्या फीडरच्या गटात घालायचं? मुख्य फीडर कोणता मानायचा?

उत्तर : मुख्य फीडर मानू नका. तसा तो नसतोच.

मेशमध्ये सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच सबनेटवर्कचे कंट्रोलर असतात. त्यांचे फीडर ट्रेस केले की तेच एलटी नाव प्रत्येक फीडरच्या यादीत आपसूक येईल, आणि यायलाच हवं. फाइल एकदाच बनवा आणि तिचा उल्लेख सगळ्या संबंधित गटयाद्यांत राहू द्या. म्हणजे फीडर आणि एलटी यांचं नातं अनेकांचं अनेकांशी आहे. ते ठेवायचं टेबलही तसंच करा, एलटीच्या ओळीत ‘फीडर’ असा एकच रकाना करून भागणार नाही.

याचं महत्त्व बिघाडाच्या वेळी कळतं. मेशला वीज देणारा एक फीडर ट्रिप झाला तर त्या फीडरवरच्या ट्रान्सफॉर्मरचा नेटवर्क प्रोटेक्टर उलटी वीज ओळखून उघडतो आणि मेश बाकीच्या ट्रान्सफॉर्मरवर चालू राहते. ग्राहकाला पत्ताही लागत नाही. एक ‘मुख्य’ फीडर ठरवलात तर तो ट्रिप झाल्यावर ओएमएस वीज असलेल्या सगळ्या ग्राहकांना अंधारात दाखवेल. दुसरा ट्रिप झाला तर काहीच दाखवणार नाही, आणि मेशवरचा वाढलेला लोड कोणाच्या लक्षात येणार नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच्याशी गल्लत होते म्हणून सांगते. दोन रेडियल एलटी सबनेटवर्कमधली पिलरची लिंक तात्पुरती बंद करून एकावरून दुसऱ्याला वीज देणं म्हणजे मेश नव्हे. ती लिंक जीआयएसमध्ये बंद दाखवली तर एकाच जाळ्यात दोन वेगळ्या नावांचे कंट्रोलर सापडतात, सबनेटवर्क अपडेट होताना त्रुटी येते आणि एक्सपोर्ट अडतो. जीआयएसमध्ये लिंकची नेहमीची स्थिती ठेवा. आज रात्रीपुरतं काय बंद आणि काय चालू, हे सांभाळायची जागा ओएमएस किंवा एडीएमएस (वितरण जाळ्याच्या नियंत्रणाची प्रणाली).

प्रश्न : आम्हाला जेसनऐवजी सीआयएममध्ये (वीजजाळ्याच्या माहितीच्या प्रमाण मॉडेलमध्ये) पाठवायचं आहे. ट्रान्सफॉर्मर एचटीच्या फाइलमध्ये घालावा की एलटीच्या?

उत्तर : एचटीच्या. सीआयएममध्ये, म्हणजे आयईसी ६१९७० आणि ६१९६८ या मालिकांच्या मॉडेलमध्ये, एक उपकरण एकाच कंटेनरचं असतं. ट्रान्सफॉर्मर फीडरच्या कंटेनरमध्ये ठेवा. त्याच्या एलटी बाजूचं टर्मिनल ज्या कनेक्टिव्हिटी नोडला जोडलंय, त्याच नोडपासून एलटीची फाइल सुरू करा. फाइलच्या मथळ्यात ‘डिपेंडंट ऑन’ ही नोंद असते, तिथे एलटीची फाइल एचटीच्या फाइलवर अवलंबून असल्याचं लिहा. एमआरआयडी (सीआयएममधला उपकरणाचा ओळखक्रमांक) जीआयएसच्या ग्लोबल आयडीवरूनच घ्या. दर एक्सपोर्टला नवे एमआरआयडी तयार करणारं कन्व्हर्टर कोणी गळ्यात मारत असेल तर स्पष्ट नकार द्या, कारण मग समोरच्याला कालचा आणि आजचा ट्रान्सफॉर्मर एकच आहे हे कधीच कळणार नाही.

प्रश्न : एलटी एक्सपोर्टमध्ये फेजची माहिती पाठवतो. एचटीची एक फेज गेली तर एलटीची तीच फेज गेली असं ओएमएसला गृहीत धरू द्यावं का?

उत्तर : अजिबात नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं जीआयएसचं. फेजचं प्रोपगेशन (पुढे पसरवणं) प्रत्येक सबनेटवर्कच्या आपल्या कंट्रोलरपासून सुरू होतं. एचटी टियरमध्ये काय घडलं ते एलटीच्या फेजवर आपोआप उतरत नाही, म्हणून एलटीच्या फाइलमध्ये तीनही फेज शाबूत दिसतील.

दुसरं विजेचंच. वितरणाचा ट्रान्सफॉर्मर बहुधा डेल्टा-स्टार असतो, डीवायएन ११ हा त्यातला अगदी नेहमीचा प्रकार. डेल्टा बाजूची एक तार तुटली की उरलेल्या दोन तारांमध्ये एक वाइंडिंग पूर्ण व्होल्टेजवर राहतं आणि बाकीची दोन एकामागे एक जोडल्यासारखी होऊन व्होल्टेज वाटून घेतात. एलटी बाजूला त्यामुळे एका फेजवर जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि दोन फेजवर साधारण निम्मं. ‘दिवे मंद जळताहेत’ अशा दोन फेजवरच्या तक्रारी येतात त्या याच्याच. ओएमएसने एकास एक फेज जोडली तर तो एका फेजचे ग्राहक बंद दाखवेल, आणि निम्म्या व्होल्टेजवर कुणाची मोटर जळत असताना बाकीचे सगळे ठीक आहेत असं सांगेल.

म्हणून एक्सपोर्टच्या फील्डच्या यादीत ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप (डीवायएन ११ सारखा वाइंडिंगच्या जोडणीचा प्रकार) जरूर घाला. मागितल्याशिवाय तो फाइलमध्ये येत नाही. तुमच्या डेटात तो रकानाच रिकामा असेल तर आधी तो भरायला घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर तो लिहिलेला असतो, तेव्हा पुढच्या देखभालीला जाणाऱ्यांना नेमप्लेटचा फोटो काढून आणायला सांगितलं तरी कामाला सुरुवात होईल.